मे महिना, आठ पोरं आणि एक गच्ची : नाशिकच्या एकत्र घरात सुट्टी कशी पार पाडावी

निकाल लागतो, वन्संची गाडी धुळ्याहून निघते आणि आमच्या पंचवटीतल्या घरात मुलांची संख्या पाचाची आठ होते. माझी दोन, धाकट्या जाऊबाईंची तीन, वन्संची तीन. सर्वांत मोठा बारा वर्षांचा, सर्वांत धाकटी दहा महिन्यांची. वन्सं धरून घरात मोठी माणसं सात, त्यांपैकी तिघं दिवसभर कामावर. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आठ पोरांमागे तीन बायका आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे आता पळापळीचे नाहीत, पण नजर अजून घारीची आहे.

हे मी दहा-अकरा सुट्ट्या करते आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत मी मुलांच्या मागे धावायचे. नंतर कळलं की घड्याळाकडे बघितलं तर धावणं निम्म्यावर येतं. आमच्याकडे सगळा दिवस दुपारच्या बारा ते चार या वेळेभोवती बांधलेला आहे. ते चार तास नीट लावले की सकाळ आणि संध्याकाळ आपोआप जागेवर पडतात. ते बिघडले की रात्री अकरालाही कुणीतरी रडत असतं.

मुलं यायच्या आधीचा आठवडा

माठ एप्रिलच्या सुरुवातीलाच आणा. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं, मग वापरायला घ्यायचा. आतून साबण कधीच लावू नका, नुसत्या हाताने किंवा नारळाच्या शेंडीने घासा. साबणाचा वास माती धरून ठेवते. परातीत वाळू पसरून, ती ओली करून, वारा येईल अशा जागी माठ ठेवला की पाणी दातांना लागत नाही इतपतच गार होतं. आठ मुलांच्या घरात एक माठ पुरत नाही. आमच्याकडे दोन आहेत, एक भरल्यावर गार होईतो दुसऱ्यातलं पाणी चालतं. तोटीचे घ्या. वरून पेला बुडवायचा झाला की आठांचे सोळा हात माठात जातात.

प्रत्येकाची बाटली वेगळ्या रंगाची. नाव लिहिलेलं पुसतं, रंग पुसत नाही आणि चार वर्षांच्या मुलीला वाचता येत नसलं तरी लाल कळतो. टॉवेलही त्याच रंगाचा, टोपीही. ‘माझं कुठंय’ हा प्रश्न त्यामुळे दिवसातून पन्नासदा ऐकावा लागत नाही, वीसदा ऐकावा लागतो.

कूलर असेल तर गवताच्या जाळ्या बदलून घ्या, टाकी घासून घ्या. कूलर चालू असताना समोरची एखादी खिडकी उघडी हवीच. आमचे भाऊजी दर वर्षी ‘गार हवा बाहेर जाते’ म्हणून सगळं बंद करतात आणि तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकायला लागतं. कूलर पाण्याच्या वाफेवर हवा गार करतो, ती ओली हवा बाहेर जायला वाट लागते. एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी असते तेव्हा तो छान चालतो. मेअखेर वळवाचे ढग जमायला लागले की त्याच कूलरची गंमत जाते, तेव्हा पंखाच बरा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका, नाहीतर डासांची पैदास आपल्याच खिडकीत.

आणि औषधांचा डबा : ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, पट्ट्या, जंतुनाशक. वन्संच्या मुलांना कशाची अ‍ॅलर्जी आहे ते एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. त्या बाहेर गेल्या असतील तेव्हाच ते विचारायची वेळ येते.

पहाट वाया घालवू नका

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दुपारी पारा 40 ला टेकला तरी पहाट बऱ्यापैकी गार असते. हा या गावाचा मोठा फायदा आणि आपण तो झोपून घालवतो. मुलांना साडेपाच-सहाला उठवा. पहिले चार दिवस कुरकुर होईल, पाचव्या दिवशी तीच तुम्हाला उठवतील. अट एकच, ती रात्री वेळेवर झोपली पाहिजेत.

सहा ते नऊ हे बाहेरचे तास. सायकल, क्रिकेट, गोदाकाठी चक्कर. मोठ्या मुलांना पोहायला शिकवायचं असेल तर महापालिकेचा सावरकर जलतरण तलाव आहे, पण नाव लवकर घालावं लागतं, सुट्टी लागल्यावर गर्दी होते. नदीत मात्र नाही. रामकुंडावर दिवसभर मुलं सूर मारताना दिसतात आणि आपल्या मुलांचे पाय शिवशिवतात. सोमेश्वरचा धबधबा उन्हाळ्यात रोडावलेला असतो, खडक उघडे पडलेले, डोह शांत दिसतात. त्या शांत डोहांचाच भरवसा नाही. वर धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरायला क्षण लागत नाही. गंगापूर धरणाच्या काठाचं आणि पाटाच्या कालव्यांचंही तेच. आमच्या घरात यावर चर्चा होत नाही. पाण्याच्या बाबतीत मी वाईट बाई आहे आणि राहणार.

पांडवलेणी करायची तर याच वेळेत. फाळके स्मारकाजवळून चढायला लागायचं, साडेसहाला पायथ्याशी असाल तर ऊन चढायच्या आत वर जाऊन, बघून, उतरूनही होतं. 24 लेणी आहेत, सगळी दाखवायच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्या लेण्यात न्या, खालच्या बाजूला ओटा खांद्यावर उचलून धरणारे यक्ष कोरलेत ते दाखवा आणि सांगा की तिथल्या लेखात गौतमी बलश्री नावाच्या आईने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक कोरून ठेवलंय. माझ्या लेकीने विचारलं, “म्हणजे तेव्हापासून आया असंच सांगतात?” होय बाई, तेव्हापासून.

वाळवण : सकाळचं काम आणि तेच खेळणं

आठ मुलं रिकामी असतील तर घर मोडतात. कामाला लावली तर निम्मंच मोडतात. वाळवणाइतकं चांगलं काम मला दुसरं सापडलं नाही. कुरडया विकत मिळतात हे मलाही माहीत आहे. पण सासूबाईंच्या हाताची कुरडई आणि त्यातून निघणाऱ्या तीन सकाळी विकत मिळत नाहीत.

आम्ही तीन किलो गव्हाच्या करतो. गहू निवडून तीन दिवस भिजत घालायचे. रोज सकाळी पाणी बदलायचं, हे काम सात-आठ वर्षांच्या मुलांचं. पाणी बदललं नाही तर वास मारतो, आणि तो वास कुणामुळे आला हे सगळ्या घराला कळतं, म्हणून विसरत नाहीत. चौथ्या दिवशी गहू धुऊन मिक्सरला किंवा पाट्यावर वाटायचे, भरपूर पाण्यात कालवून पातळ फडक्यातून पिळायचे. पिळायला मोठी मुलं उत्तम, जोर लागतो आणि हात पांढरे होतात. निघालेला चीक पातेल्यात रात्रभर झाकून ठेवायचा. पाचव्या दिवशी पहाटे वर आलेलं पाणी अलगद ओतून टाकायचं, खाली घट्ट चीक बसलेला असतो. तो वाटीने मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा, त्यात मीठ आणि हिंग, आणि उकळी आली की एकीने चीक धारेने ओतायचा, दुसरीने हात न थांबवता हाटायचं. गुठळी झाली तर सोऱ्यातून उतरत नाही. चकाकी आली, पातेल्याची कड सुटायला लागली की झाकण ठेवून मंद आचेवर दणदणीत वाफ काढायची.

शिजत असताना एकही मूल स्वयंपाकघरात नको. उकळता चीक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा वाईट भाजतो. त्यांना तेव्हा गच्चीवर प्लास्टिकचे कागद पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवायला पाठवा. गरम चीक वाटीत काढून, वर तूप आणि साखर घालून आठ वाट्या वर गेल्या की तासभर शांतता असते. तेवढ्यात मोठ्यांनी सोऱ्याने कुरडया घालून घ्यायच्या. साडेसहाला सुरू केलं तर नऊला खाली येता. गच्चीची फरशी त्यानंतर चटके द्यायला लागते.

राखणदारी लहानांची. जिन्याच्या सावलीत बसून हातात काठी, कावळा आला की ‘हाड’. पाच वर्षांचा भाचा हे काम इतक्या निष्ठेने करतो की वन्संना घरी त्याला पाचदा हाक मारावी लागते हे खरं वाटत नाही. ओल्या कुरडया थोड्या चोरीला जातात, त्या धरूनच गहू जास्त घ्यायचे. संध्याकाळी अलगद उलटवायच्या, दोन कडक उन्हं पुरतात. बटाट्याचे पापड, नागलीचे पापड, सांडगे, सगळं याच पद्धतीने, आठवड्यातून एकच प्रकार. रोज काढलंत तर तुम्हीच आजारी पडाल.

बारा ते चार

साडेदहाला मुलांना आत घ्या. अकराला अंघोळी. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आणि उन्हात पडलेल्या नळातलं पहिलं पाणी दुपारी अंग भाजेल इतकं तापतं. बाळाला किंवा लहान मुलाला थेट नळाखाली धरू नका. सकाळी सातलाच बादल्या भरून न्हाणीघरात ठेवा, अकरापर्यंत त्या बेताच्या असतात. बादल्या झाकून ठेवा आणि दाराला बाहेरून कडी. रांगतं बाळ भरलेल्या बादलीत डोकं घालू शकतं.

जेवण साडेअकराला, पंगतीने. मोठ्यांच्या आधी मुलांची पंगत, एका ओळीत एक मोठं मूल, एक लहान, असं. मोठ्याने शेजारच्याचं ताट बघायचं, एवढीच जबाबदारी. दुपारचं जेवण हलकं असू द्या : वरण-भात, ज्वारीची भाकरी, ताक, काकडीची कोशिंबीर, कैरीचा तक्कू. मुलं उन्हात भूक लागत नाही म्हणतात, ती संध्याकाळी दुप्पट वसूल करतात. त्यावर वाद घालू नये.

आंबा आमच्याकडे आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, घरात येत नाही. त्या दिवशी घागर भरायची, पितरांना नैवेद्य दाखवायचा, मग पुरणपोळी, आमरस आणि त्याच महिन्यातली ताजी कुरडई तळून. त्यानंतर रसाचा रतीब. मध्यम आकाराच्या डझनभर केसरचा साधारण दीड लिटर रस निघतो. आंबे तासभर पाण्यात घालून ठेवा. पायरी स्वस्त मिळाली तर रसाला तीच घ्या, हापूसचा रस करणं मला अजूनही उधळपट्टी वाटते. पोट बिघडू नये म्हणून रसात तूप आणि चिमूटभर सुंठ, आणि ठरलेली वाटी. दुसरी वाटी मागितली तर मिळते, तिसरी नाही.

जेवणानंतर खिडक्यांचे पडदे ओले करून सोडा आणि सगळ्यांना एकाच खोलीत घ्या. पहिला तास आडवं व्हायचं. झोपा म्हणायचं नाही. झोपा म्हटलं की झोप पळते. डोळे उघडे ठेवले तरी चालेल, पाठ टेकलेली हवी आणि तोंड बंद. लहान तिघं दहा मिनिटांत झोपतात, मोठ्यांना पुस्तक. सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे 1840 पासून आहे, वर्गणी भरून मुलांच्या नावावर पुस्तकं आणा, प्रत्येकाने एक निवडायचं आणि संपलं की आपसांत बदलायचं.

दोनला उठले की बैठे खेळ. पत्त्यांत बदाम सात आणि गाढव, कारण त्यात सगळे बसतात आणि पाच वर्षांचाही जिंकू शकतो. मेंढीकोट मोठ्यांसाठी. सागरगोटे, काचापाणी, नाव-गाव-फळ-फूल. सारीपाट खडूने फरशीवर आखायचा, कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके. मोबाईल तीन ते चार, एकत्र, दिवाणखान्याच्या टीव्हीवर, पाळीपाळीने एकाची निवड. हातात वेगळा फोन कुणालाच नाही. हा नियम पुरुषमंडळी मोडतात, मुलं नाही.

पाणी, फळं आणि गिळताना अडकणाऱ्या गोष्टी

तहान लागली की पितील, या भरवशावर राहू नका. खेळात रमलेलं मूल तहान विसरतं. आम्ही ठरलेल्या वेळा ठेवल्यात : उठल्यावर, बाहेर जाताना, आल्यावर, चारला, झोपताना. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, हे मुलांनाच शिकवा, त्यांना त्यात भारी रस असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी देऊ नका, उन्हाळ्यातही आईचं दूधच पुरतं, फक्त जास्त वेळा पाजायचं.

चारला पन्हं. कैऱ्या उकडून गर काढा, एक वाटी गराला दीड वाटी गूळ, मीठ, वेलची. हा बलक काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो, आयत्या वेळी चमचाभर गार पाण्यात. कोकम सरबत, लिंबू, जिरं घातलेलं ताक आळीपाळीने. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा मी देत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उसाचा रस बर्फाशिवाय, समोर काढलेला, चालतो.

द्राक्षांचं मुद्दाम लिहिते, कारण नाशिकमध्ये ती एप्रिलपर्यंत किलोने घरात येतात आणि फ्रीजरमध्ये गोठवून मुलं गोळ्यांसारखी खातात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. उभं चिरून चार फोडी करा. गोल, गुळगुळीत द्राक्ष घशात बरोबर बसतं आणि श्वास बंद करतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांचंही तेच, आणि चिवड्यातले दाणे वेचून काढायचे. पळताना खायचं नाही, बसून खायचं. बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी. टरबूज कापलं की त्याच दिवशी संपवा. मेमध्ये पेठ-हरसूलकडच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन येतात, ती जरूर घ्या, पण मुलांना जुने कपडे घालून गच्चीवर बसवा. तो चीक आणि तो डाग दोन्ही निघत नाहीत.

ऊन लागलं तर

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की ओआरएसचं पाकीट, ज्यावर एक लिटर लिहिलंय ते पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट, अर्धा पेला असलं अंदाजाचं काम नको. 24 तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोटघोट, चमच्याने. मूल पाणी ठेवत नसेल, डोळे खोल गेले असतील, सहा-सात तास लघवी झाली नसेल तर डॉक्टर, उशीर नको.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकून झोपवायची आपल्याकडची पद्धत चुकीची आहे, रक्त घशात जातं. मुलाला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. सारखं सोडून बघायचं नाही.

मुलाचं अंग भट्टीसारखं तापलंय आणि ते असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, झटका आला, तर तो उष्माघात. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका : सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडून पंखा घाला, मान, काखा, जांघेत ओली फडकी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. तापाचं औषध इथे उपयोगी नाही. सासूबाई म्हणतात, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. कांदा असू द्या खिशात, डोक्यावर टोपीही असू द्या.

विंचू चावला तर मंत्र-तंत्र नको. लाल विंचू लहान मुलाला जिवावर बेतू शकतो, थेट दवाखाना. सकाळी चपला झटकून घालायची सवय लावा.

बाहेर नेताना मोजणी

तीन वर्षांपूर्वी गोदाघाटावरच्या बुधवार बाजारात माझ्याकडून चार वर्षांचा मुलगा सुटला. मी टोमॅटो निवडत होते, मोठी पोरं म्हणाली ‘तुमच्याकडे आहे’, मला वाटलं त्यांच्याकडे आहे. दहा-बारा मिनिटांनी तो एका माळणीजवळ कोथिंबिरीच्या जुड्या लावत बसलेला सापडला. तिने त्याला केळंही दिलं होतं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

तेव्हापासून प्रत्येकाला नंबर आहे. मी ‘मोजा’ म्हटलं की एक ते सात आवाज आला पाहिजे, आठवी कडेवर. रस्ता ओलांडताना, बसमध्ये चढताना, उतरताना. जोड्या पक्क्या, मोठा-लहान, आणि दंडावर पेनाने फोन नंबर. सिटीलिंकच्या बसने जायचं तर एका मोठ्या माणसाने पहिल्यांदा चढायचं आणि दुसऱ्याने शेवटी. हरवलं तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, आणि लेकुरवाळी बाई दिसली तर तिला सांगायचं. लहान मुलांना ‘पोलीस शोध’ म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं.

गच्चीवरची रात्र

सूर्य कलला की गच्चीवर पाण्याचे दोन हात मारा, फरशी वाफ सोडून देते. लगेच गाद्या टाकू नका, दीड-दोन तास जाऊ द्या. संध्याकाळी सहा ते साडेसात डबा ऐसपैस, लगोरी, लंगडी, दमेपर्यंत. साडेआठला जेवण, नऊला वर.

कठडा कमरेएवढा असला तरी मुलं मधे आणि मोठी माणसं कडेला, जिन्याचं दार बंद, किल्ली माझ्या उशाखाली. मच्छरदाणी किंवा अंगभर सुती कपडे. पहाटे चारला गार वारा सुटतो, सगळ्यांवर चादर ओढायला एकाने उठायचं. कोण उठणार यावर नवरा आणि भाऊजी इतका गाढ झोपल्याचा अभिनय करतात की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव कधीही येतो. लांब वीज दिसली, वाऱ्याला मातीचा वास आला की लगेच खाली. त्यासाठी रात्रीची कवायत ठरलेली : प्रत्येकाने फक्त आपली उशी उचलायची, गाद्या मोठ्यांनी, बाळ आईने. गेल्या वर्षी चार मिनिटांत गच्ची रिकामी झाली होती, फक्त कुरडयांचा कागद राहिला वर. तेव्हापासून वाळवण संध्याकाळीच खाली येतं.

जूनचा पहिला आठवडा

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, त्याआधी आठ-दहा दिवस दुपारची झोप कमी करत आणा. वह्यांना कव्हरं घालायचं काम सातही जणांना एकत्र बसवून करा, पुतण्या-भाच्यांच्यासुद्धा, धुळ्याला गेल्यावर कुणी करत नाही. वन्संसाठी कुरडयांचा डबा, पन्ह्याचा बलक, लोणच्याची बरणी आदल्या रात्रीच गाडीत ठेवून द्या. सकाळी रडारडीत विसरतं. आणि बाटल्या मोजा. निळी दर वर्षी आमच्याच माठामागे सापडते, गाडी पिंपळगावच्या पुढे गेल्यावर.